कशावरून?

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे साताऱ्यात आली आणि बसस्थानकाजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाली. फोनच्या पडद्यावरून तर ती त्याच्या कितीतरी आधी घरोघर पोचली होती. माझे लक्ष मात्र त्या नखांबरोबर ज्या डबीची माहिती येते तिच्याकडे जास्त लागले. त्या डबीवर इंग्रजीत एक मजकूर आहे. ही शिवाजीची वाघनखे, यांनीच त्याने मोगल सरदाराला मारले, आणि साताऱ्याला रेसिडेंट असताना ईडनच्या जेम्स ग्रँट डफला मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने ती भेट दिली, असा त्याचा आशय.

हा मजकूर एखाद्या जुन्या कारकुनासारखा बोट ठेवून वाचावा. ‘मोगल सरदार’ म्हणजे कोण? अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, मोगलांचा नव्हे. ‘पेशव्याचा पंतप्रधान’ म्हणजे कोण? पेशवा हाच मुळात छत्रपतींचा पंतप्रधान. शिवाय ग्रँट साताऱ्यात कारभार पाहू लागला त्याच वर्षी, १८१८ च्या जूनमध्ये, दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला आणि पेशवाई संपली. तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. साताऱ्यात वावरला तो नुसता जेम्स ग्रँट. स्कॉटलंडमधली ईडनची इस्टेट वारशाने आली तेव्हा, म्हणजे १८२५ च्या सुमारास, त्याने ‘डफ’ हे नाव पुढे जोडले. म्हणजे डबीवरचा मजकूर तो सातारा सोडून गेल्यानंतर कधीतरी, दूर स्कॉटलंडात लिहिला गेला असणार. हीच ती नखे असे खात्रीने सांगता येत नाही, असे ते म्युझियम स्वतःच नोंदवते. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही हाच मुद्दा लावून धरला होता.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीत प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्याला मराठी, फारशी आणि इंग्रजी अशी वेगवेगळी साधने आहेत. डबी खरी ठरो वा न ठरो, त्या घटनेला धक्का लागत नाही. प्रश्न डबीचा आहे, आणि आपल्या गावाकडच्या साध्या भाषेत तो एका शब्दात विचारता येतो: कशावरून?

ज्याच्या नावाची ती डबी, त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे हाच प्रश्न विचारण्यात घालवली. जेम्स ग्रँट १७८९ साली स्कॉटलंडच्या बँफ गावी जन्मला, कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत दाखल होऊन मुंबईला आला, फारशी शिकला आणि पुण्यात रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या हाताखाली तयार झाला. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा लढाईत तो स्वतः होता. साताऱ्याची जबाबदारी आली तेव्हा त्याला तिशीही लागली नव्हती, आणि ज्यांना गादीवर बसवायचे ते छत्रपती प्रतापसिंह महाराज तर त्याच्याहून लहान. दोघांचे जमले. महाराजांनी दप्तरे उघडून दिली. चिटणिसांच्या घराण्यातले मल्हार रामराव यांनी साताऱ्यातच लिहिलेली बखर त्याने वापरली. फेरिश्ता आणि खाफीखान हे फारशी इतिहासकार वाचले, मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारींची कागदपत्रे चाळली, गोव्याच्या पोर्तुगीजांकडून माहिती मागवली. पाचेक वर्षांत प्रकृती ढासळली तेव्हा तो मायदेशी परतला आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास लंडनहून तीन खंडांत निघाला. पुस्तकाच्या नावात मराठे आहेत म्हणून एका बड्या प्रकाशकाने नाव बदलायला सांगितले होते, ग्रँट डफने ते मानले नाही, आणि दुसऱ्याकडून छापून घेताना पदरचे पैसे गेले, अशी हकिकत त्याच्या मुलाने सांगून ठेवली आहे.

त्याची बाजू विजेत्याची होती, हे पानोपानी जाणवते. मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली, म्हणजे वाळलेले गवत आपोआप पेटावे तसे. उन्हाळ्यात ज्यांनी यवतेश्वरच्या किंवा जरंडेश्वरच्या उतारावर पेटलेली रेघ पाहिली आहे त्यांना ही उपमा कुठून सुचली असेल ते कळते, आणि ती का खटकते तेही कळते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली आपले मराठी सत्तेच्या उत्कर्षाचे पुस्तक लिहिले, त्यात या वणव्याला उत्तर आहे. त्याआधीच, १८६७-६८ च्या सुमारास, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका लिहून त्याच्या चुका आणि पूर्वग्रह मराठीत मांडले होते. आपल्याकडे इतिहास तपासून पाहण्याची सवय खरी तिथून लागली. गंमत अशी की साधने कोणती, कुठे मिळाली, हे ग्रँट डफनेच तळटिपांत लिहून ठेवले, म्हणून तर कीर्तन्यांना त्याला पकडता आले. साहेबाने कागद वापरून जाळून टाकले असा एक प्रवाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यालाही कशावरून हे विचारावेच लागते.

इतिहास या धंद्याची सुरुवात युरोपात ग्रीकांपासून मोजतात, आणि तिथेही दोन माणसे एकमेकांसमोर उभी आहेत. पहिला हिरोडोटस, इसवी सनापूर्वी सुमारे ४८४ साली आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुम या गावी जन्मलेला. ‘हिस्टरी’ या इंग्रजी शब्दाचे मूळ त्याच्या पुस्तकातल्या पहिल्याच वाक्यात आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे चौकशी. तो देशोदेशी हिंडला, लोक काय सांगतात ते ऐकले आणि लिहून काढले. हिंदुस्थानात कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या जमिनीतून सोने उकरतात, हेही त्याने लिहिले. त्यावर हसण्याआधी त्याने दुसरीकडे काय म्हटले तेही पाहायला हवे: जे सांगितले जाते ते सांगणे माझे काम, पण त्या सगळ्यावर विश्वास ठेवायला मी बांधलेला नाही. आपल्या बखरकारांची जातकुळी हीच. बखर हा शब्दच ‘खबर’वरून आला असे मानतात.

दुसरा थ्युसिडिडीज. तो त्याच्याहून एक पिढी धाकटा, अथेन्सचा सेनापती. अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध इसवी सनापूर्वी ४३१ ते ४०४ असे सत्तावीस वर्षे चालले. त्यात अँफिपोलिस हे ठाणे त्याच्या हातून गेले आणि अथेन्सने त्याला वीस वर्षे हद्दपार केले. त्या काळात दोन्ही बाजूंच्या माणसांना भेटायची सवड मिळाली, असे तो स्वतःच नोंदवतो. एकच प्रसंग पाहणारे साक्षीदारही वेगवेगळे सांगतात, कधी आवडीनिवडीमुळे तर कधी विसरल्यामुळे, म्हणून ताडून पाहण्यात फार कष्ट पडले, हेही त्याने लिहून ठेवले. अथेन्समधल्या साथीचे त्याचे वर्णन इतके नेमके आहे याचे कारण ती त्याला स्वतःला झाली होती आणि त्यातून तो वाचला होता.

ग्रँट डफची तुलना थ्युसिडिडीजशी करावीशी वाटते, कारण दोघेही सैनिक, दोघेही आपल्या युद्धाबद्दल लिहिणारे आणि कागदा-साक्षीदारांना महत्त्व देणारे. पण एक फरक मला फार मोठा वाटतो. ग्रीक सेनापतीने आपल्याच शहराचा पराभव लिहिला. साताऱ्याच्या साहेबाने, ज्यांच्यावर तो राज्य करत होता त्यांचा पराभव लिहिला. हरलेल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले वाचायचे असेल तर साताऱ्याहून दक्षिणेला, कृष्णेच्या प्रवाहाबरोबर मिरजेपर्यंत यावे लागते.

वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ साली कोकणात गुहागरला झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये टिळकांच्या सहवासात काही काळ शिकवून ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून आले आणि १९२४ मध्ये मिरजेतच वारले. नाटके लिहिली, कविता लिहिली, नाना फडणविसांचे चरित्र लिहिले, इचलकरंजी संस्थानाचा इतिहास लिहिला. यातले एखादेच केले असते तरी नाव राहिले असते. पण मिरजेत त्यांना पटवर्धनांचे दप्तर दिसले आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

पटवर्धन घराणे पेशवाईत दक्षिणेच्या सरहद्दीवरचे. मिरज, सांगली, तासगाव, कुरुंदवाड, जमखिंडी ही त्यांची ठाणी. गोपाळराव, परशुरामभाऊ हे सरदार हैदर आणि टिपूशी लढले, खर्ड्याच्या लढाईत उतरले, आणि छावणीतून घरी सतत पत्रे लिहीत राहिले. या पत्रांत फुशारकी थोडी आणि दाणागोटा जास्त. घोड्यांना वैरण नाही, शिपायांचा पगार थकला, नदीला पूर आला, अमक्याचा शब्द भरवशाचा नाही, पुण्याला कारभाऱ्यांत काय कुजबुज चालली आहे. दरबाराला पाठवलेले पत्र आणि भावाला लिहिलेले पत्र यांत एकाच दिवसाची दोन चित्रे निघतात. थ्युसिडिडीजला साक्षीदार गाठून जे ताडावे लागले, ते इथे दोन पत्रे शेजारी ठेवली की दिसते.

१८९७ पासून खरेशास्त्र्यांनी ही पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. पानिपतानंतरच्या काळापासून त्यांनी सुरुवात केली. आधी त्या प्रसंगाची हकिकत स्वतःच्या शब्दांत, मग तिला आधार असलेली पत्रे, अशी त्यांची पद्धत. वाचकाने शास्त्रीबुवांवर विश्वास ठेवावा अशी अट नाही, कारण पुरावा पुढच्याच पानावर आहे. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात एकट्या माणसाने केलेले हे काम खंडामागून खंड वाढत गेले. त्यांच्या मृत्यूनंतर उरलेले खंड चिरंजीव यशवंत वासुदेव खरे यांनी पुरे केले.

हे काम किती किचकट असते याची कल्पना नुसते छापील पान पाहून येत नाही. पत्र मोडीत. बोरूने आधी पूर्ण ओळीची रेघ ओढायची आणि तिला खाली अक्षरे टांगत जायची. शब्द संपला कुठे आणि दुसरा सुरू झाला कुठे, याची खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मायना पाहून लिहिणारा कोण आणि ज्याला लिहिले तो त्याच्याहून मोठा की बरोबरीचा, हे ओळखायचे. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे साल. पत्रावर बहुतेक वेळा चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि मुसलमानी महिना असतो, ‘छ’ लिहून पुढे तारीख आणि महिन्याचे नाव. वर्ष लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला माहीतच होते, मग ते लिहायचे कशाला?

सनद-हुकुमांवर शुहूर सन असते, पण तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत. उदाहरणार्थ ‘इसन्ने सितैन मया व अलफ’. इसन्ने म्हणजे दोन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११६२. शुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे १७६१-६२, पानिपताचा घाव ताजा असतानाचे वर्ष. जिथे एवढाही धागा नसतो तिथे मुसलमानी महिन्याचा उपयोग होतो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि तेहतीसेक वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. पत्रात रमजान आहे आणि नदीला पूरही आहे, तर पुष्कळशी वर्षे आपोआप बाद होतात. मग पत्रातला एखादा मृत्यू, एखादे लग्न, एखादा वेढा पकडून नेमके वर्ष गाठायचे. अशी हजारो पत्रे.

खरेशास्त्री एकटे नव्हते, हे सांगायला हवे. त्याच सुमारास वाईत मिळालेल्या कागदांवरून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस कागद, चित्रे, वस्तू जमवत होते. मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर त्यांनीच उजेडात आणले. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात इतिहास-संग्रहालय उभे राहिले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. वाई ते मिरज एवढ्या पट्ट्यात, एका पिढीत, तीन माणसे जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसली होती.

आता आजच्याकडे. थ्युसिडिडीज या घडीला इंटरनेटवर जितका गाजतो आहे तितका तो कधी गाजला असेल असे वाटत नाही. वर येणारी सत्ता आणि आधीची सत्ता यांची गाठ युद्धात पडते, या त्याच्या निरीक्षणाला हार्वर्डच्या ग्रॅहम ॲलिसन यांनी ‘थ्युसिडिडीजचा सापळा’ असे नाव दिले, चीन-अमेरिकेच्या चर्चेत ते सगळ्यांच्या तोंडी बसले आणि २०१७ मध्ये त्यावर पुस्तक आले. २०२० च्या टाळेबंदीत अथेन्सच्या साथीचे उतारे जगभर फिरले. आणि त्याच्या फोटोशेजारी सर्वांत जास्त जे वचन दिसते ते त्याचे नाहीच. विद्वान आणि योद्धे यांच्यात भिंत घालणाऱ्या देशाचा विचार भित्र्यांच्या आणि लढाई मूर्खांच्या हाती जाते, अशा अर्थाचे ते वाक्य विल्यम बटलर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८८९ साली जनरल गॉर्डनच्या चरित्रात लिहिलेल्या मजकुरावरून आले आहे. साक्षीदारांची जबानी ताडून पाहणाऱ्या माणसाच्या नावावर न ताडलेले वाक्य चिकटावे, याचे मला वाईट वाटते.

आपल्याकडेही तेच. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांच्या चरित्रावरून शिकून, आणि तिथल्या एका मंत्र्याने भारतात येऊन महाराजांच्या पुतळ्याखालची माती मस्तकी लावली, हा मजकूर आपल्या सगळ्यांच्या फोनवर कधीतरी आला असेल. नेमका हाच मजकूर महाराणा प्रतापांच्या नावानेही फिरतो, स्थळ फक्त बदलते. पाठवणाऱ्याचे प्रेम खरे असते, म्हणून त्याला हसू नये असे मला वाटते. पण मराठ्यांच्या गनिमी काव्याबद्दल पटवर्धनांच्या पत्रांत जे आहे ते या मजकुराहून कितीतरी रोमांचक आहे, आणि तेही आज त्याच फोनवर मिळते.

कारण इंटरनेटने दुसरेही एक काम केले आहे. ग्रँट डफचे खंड आज कोणीही फुकट उघडू शकतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने स्कॅन झाली आणि त्यातली पुष्कळ इंटरनेट आर्काइव्हवर आली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश आता घरबसल्या शोधता येतो. मोडी शिकणारी तरुण मुले कागदाचा फोटो टाकतात आणि एखादे अडलेले अक्षर तासाभरात सुटते. खरेशास्त्र्यांना असे अक्षर किती दिवस घेऊन बसावे लागले असेल!

आणि हे स्कॅन केवळ सोयीचे नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. घरांचे पहिले मजले बुडाले, आणि सांगली नगर वाचनालयाची असंख्य पुस्तके पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फुगलेल्या पुस्तकांचे ढीग पडले होते. थ्युसिडिडीजचे काही तुकडे इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर टिकले. कृष्णाकाठी ती सोय नाही. थ्युसिडिडीजच्या संपूर्ण ग्रंथाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखित प्रती तर तो गेल्यानंतर सुमारे तेराशे वर्षांनी केलेल्या आहेत. कोणीतरी नक्कल केली, तिची दुसऱ्याने केली, म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात अजून रुमाल बांधलेले आहेत. वाटणीपत्रे, हिशेब, इनामाचे कागद, क्वचित एखादे छावणीतले पत्र. घरात कोणाला मोडी येत नाही, म्हणून ते सुटत नाहीत. ते सोडायला मोडी यायलाच हवी असे नाही. कोरड्या दिवशी, स्वच्छ हातांनी, सपाट जागेवर ठेवून एकेका कागदाचा उजेडात फोटो काढावा. कागद ज्या क्रमाने बांधले असतील तो क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणाच्या शेजारी होता यावरूनही साल लागते. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आणि मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्यावा. पत्र लिहिल्याची तारीख आत असते, पण ते हाती कधी पडले याची नोंद, ‘पैवस्ती’, एखाद्या कडेला किंवा पाठीवर बारीक अक्षरात केलेली असते.